ट्रंककॉलचा खाऊ

सोमवार, ता. ४

आज आलेलं सामान: कोंबडीचं बिनहाडाचं मांस अर्धा किलो, एकशे साठ. अंडी सहा, बेचाळीस. लाल भोपळा पाऊण किलो, अठरा (एका बाजूला डाग होता म्हणून स्वस्त, डाग कापून टाकला). ओटचं पीठ एक किलो, एकशे दहा. ओव्हनमध्ये घालायच्या कागदाची गुंडाळी, पंचाहत्तर. कागदी पिशव्या पन्नास, तीस. रबरी हातमोजे एक जोड, चाळीस. एकूण चारशे पंचाहत्तर.

हातमोजे खाऊच्या खर्चात धरू की माझ्या, हे ठरत नाही. मांसाला हात लागू नये म्हणून ते घेतले, म्हणजे खरं तर ते माझ्या नवसाचे. गेल्या वर्षी यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा देवाजवळ बोलले होते, दृष्टी राहू दे, मी मांस-मासळी सोडते. देवाने एक डोळा पूर्ण राखला आणि एक निम्मा. मी मात्र पूर्ण सोडलं. निम्म्यासाठी घासाघीस केली नाही. तेव्हापासून छापखान्यात यांना अर्धाच दिवस काम मिळतं, म्हणून हा उद्योग.

कल्पना खालच्या मजल्यावरच्या बाईंची. बाई टेलिफोन खात्यात तीस वर्षं कानाला यंत्र लावून बसल्या. आता दोन्ही कान गेलेत. त्यांच्याशी बोलायचं तर त्यांच्या गळ्यात दोरीने अडकवलेल्या वहीवर लिहावं लागतं. त्या वाचतात आणि खणखणीत उत्तर देतात. त्यांचा बोका तेरा वर्षांचा, नाव ट्रंककॉल, कारण तो ओरडतो तेव्हा फार लांबच्या गावाहून कुणीतरी बोलतंय असं वाटतं. बाईंना ते आता ऐकू येत नाही, पण आठवतं म्हणतात. बाजारचा खाऊ खाल्ला की तो ओकायचा. मी एकदा अंडं आणि भोपळा उकडून कुस्करून दिला, तो त्याने पचवला. बाई म्हणाल्या, “अगं, हे पिशवीत भरून विक. मी पहिलं गिऱ्हाईक.”

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी औषधाच्या चिठ्ठीवर यादी करून दिली आहे. मीठ नको, साखर नको, दूध नको. कांदा नको, लसूण नको, कच्चा नको की शिजवलेला नको. शेवटच्या दोन्हींखाली दोन-दोन रेघा. “काकू, त्याने मांजराचं रक्त नासतं,” म्हणाल्या. चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली.

हे म्हणाले, “मांजर म्हणजे वाघाची मावशी. तू आता मावशीच्या घरची स्वयंपाकीण झालीस.”

हसू आलं, पण मन खातंय. वर्षभरात या ओट्यावर मांस आलं नव्हतं. प्रार्थना करताना आज पहिल्यांदा पातेल्याकडे पाठ करून बसले.

बुधवार, ता. ६

पहिला घाणा करपला. दुसरा आतून ओला राहिला. तिसरा जमला. कृती लिहून ठेवते: मांस उकडून बारीक करायचं, भोपळ्याचा गर, एक अंडं आणि ओटचं पीठ, मांस उकडलेल्याच पाण्यात घट्ट मळायचं. नखाएवढे तुकडे करायचे, मंद आचेवर खुटखुटीत होईपर्यंत वाळवायचे. नाकाला पदर बांधला होता. चव बघायचा प्रश्नच नाही. आजवर मीठ कमी की जास्त हे न चाखता मी घरातलं एक पातेलं उतरवलेलं नाही, इथे सगळाच अंधार. पण चाखणारा खाली बसलेलाच होता. ट्रंककॉलने हुंगलं, बाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सहा तुकडे खाल्ले.

बाईंनी लगेच पैसे पुढे केले. मी वहीवर लिहिलं, “पहिल्या पिशवीचे नको.” बाई म्हणाल्या, “धंदा करायला बसलीस की दानधर्म करायला? घे, नाहीतर मी बोक्याला सांगते तुझी उधारी ठेवू नकोस म्हणून.”

घेतले. यांच्या ऑपरेशनच्या वेळी चार दिवस माझ्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर ज्या बसल्या, त्यांच्याकडून पैसे. पिशवीमागे साठ. त्यातले नक्की कष्टाचे किती आणि लोभाचे किती, हे कोणत्या रकान्यात मांडायचं ते शाळेत शिकवलं नव्हतं.

शनिवार, ता. ९

यांनी छापखान्यात उरलेल्या जाड कागदाच्या पट्ट्यांवर चिठ्ठ्या छापून आणल्या. मालकांना विचारून, कागदाचे पैसे देऊन. वर मिशा असलेलं एक मांजर आणि खाली: “घरगुती खाऊ. मीठ नाही, साखर नाही, कांदा-लसूण नाही.” मजकूर माझा, छपाईचे अक्षरांचे खिळे यांनी एकेक करून जुळवले. निम्म्या डोळ्याने. बारीक अक्षर चांगल्या डोळ्याजवळ धरून तपासलं म्हणाले, एकही चूक नाही.

डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या मेजावर दहा पिशव्या ठेवून घेतल्या. त्या म्हणाल्या, “काकू, मी याची हमी देत्येय, लक्षात ठेवा.” मी म्हटलं, “देव बघतोय.” त्या म्हणाल्या, “देव बघेलच, पण तुम्हीही बघा.” मला ते थोडं लागलं. हल्लीच्या मुली तोंडाने फटकळ.

गुरुवार, ता. १४

कोंबडीचा भाव पुन्हा चढला. अर्ध्या किलोत जेमतेम सोळा पिशव्या होतात. हे म्हणाले, भाव वाढव. मला ते बरं वाटेना. मांजराच्या खाऊला सत्तर मोजणारी माणसं मला बघवणार नाहीत.

आज मार्ग निघाला. छापखान्याच्या कॅन्टीनचा आचारी रोज मोठ्या भांड्यात कोंबडी उकडतो. उकडलेलं पाणी गाळून थोडं वापरतो, बाकी मोरीत ओततो. माना, पंखांची टोकं, चामडी सगळं फुकट जातं. यांच्याकडून हे ऐकलं आणि जीव कळवळला. अन्न टाकणं हे पापच. दुपारी झाकणाचा डबा घेऊन गेले. आचाऱ्याला म्हटलं, तुमचे फाटलेले ॲप्रन मी शिवून देत जाईन, तुम्ही हे मला द्या.

“न्या की वहिनी. मोरीचं पोट भरण्यापेक्षा मांजराचं भरेल.”

मी विचारलं, “यात मीठ असतं का?”

“मीठ मी शेवटी घालतो, ताटाला. हे नुसतं उकडलेलं.”

एवढं विचारून डबा भरून घेतला. त्याच्या शेजारच्या पोत्यांवर ॲप्रनांचा ढीग होता, तो उचलला आणि निघाले. वास येऊ नये म्हणून वाटभर तोंडाने श्वास घेतला.

आता मांस निम्मंच घालून बाकी या माना-पंखांचा लगदा, आणि पीठ या पाण्यात मळायचं. पाणी आधी आटवून घेतलं. कसलं दाट होतं. घाणा ओव्हनमधून निघाला तेव्हा हे स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. “काय ग, आज वास भारी सुटलाय. हॉटेलात बसल्यासारखं वाटतंय.” आणि मी नको म्हणेपर्यंत एक तुकडा तोंडात टाकला. “मीठ नाही, बाकी झकास. मागच्यापेक्षा लाख पटीने बरं. आपल्यापेक्षा मांजरांची चैन आहे.”

मी ओरडले त्यांच्यावर. मांजराच्या वाट्याचं खाल्लं म्हणून. खर्च निम्म्यावर आला आहे. देवाला हात जोडले.

मंगळवार, ता. १९

पाच दिवसांत अठ्ठावीस पिशव्या गेल्या. दवाखान्याचा कंपाउंडर म्हणाला, नव्या घाण्यावर मांजरं तुटून पडतात, पिशवी फोडतात. एका बाईंच्या मांजरीने ओकून टाकलं, पण ती मुळातच खादाड आहे म्हणे.

ट्रंककॉल तर वेडा झालाय. रोज वीस-पंचवीस तुकडे. बाई म्हणतात, “माझ्या हातचं बघतसुद्धा नाही. तेरा वर्षं वाढवला आणि आता तुझा झाला, मेला.” कौतुकाने म्हणाल्या, तरी मला चोरट्यासारखं झालं. त्यांच्या घरात एवढं एकच माणूस आहे, आणि ते मांजर आहे.

दुसरं एक टोचतंय ते लिहून टाकते. मांस निम्मं केलं आणि भाव तोच ठेवला. गिऱ्हाइकाला हे सांगितलं नाही. हे खोटं बोलणं झालं का? यांना विचारलं तर हसतात. “अगं, वजन तेवढंच आहे ना? बेकरीवाला पावात हवा विकतो, तो कधी रडत बसला का?” पण मला पटलं नाही. काल प्रार्थनेत मन लागेना. मग ठरवलं, प्रत्येक पिशवीत पाच तुकडे जास्त टाकायचे. आणि बाईंच्या पिशवीत दहा. आज तसं केलं आणि फार दिवसांनी हलकं वाटलं.

शुक्रवार, ता. २२

ट्रंककॉल दोन दिवस वर आला नाही. मी खाली गेले तर टोपलीत पडून होता. डोळे उघडे, पण बघत नव्हता. बाई म्हणाल्या, “म्हातारा झाला. मीही आजारी पडले की अशीच पडते भिंतीकडे तोंड करून.”

“काही खातो का?” मी वहीवर लिहिलं.

“दूध नाही, मासा नाही. तुझा खाऊ तेवढा चाटतो. तोही पाण्यात भिजवून दिला तर.”

मी वर येऊन आटवलेल्या पाण्याची छोटी बाटली भरली, दोन पिशव्या घेतल्या आणि खाली नेऊन दिल्या. बाटलीतलं वाटीत ओतून कोमट करून त्याच्या तोंडाशी धरलं. त्याने सगळं संपवलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “बघ, तुझ्या हाताला गुण आहे.” पैसे काढायला लागल्या, मी मात्र या खेपेला घेतले नाहीत. बाईंनी पिशव्या आणि बाटली शिंकाळ्यासारख्या उंच फळीवर ठेवली, खाऊची जागा तीच म्हणून.

पैसे नाकारल्याचं पुण्य मनात मोजत वर आले. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय.

रविवार, ता. २४

बाईंनी ट्रंककॉलला डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. मी जिना उतरत होते तेव्हा त्या परत आल्या, टोपली छातीशी धरून. दारातच मोठ्याने सांगायला लागल्या. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. लघवी काळ्या चहासारखी. रक्त आतल्या आत फुटतंय, असं काहीसं.

“डॉक्टरीण मला विचारते, कांदा खाल्ला का, लसूण खाल्ला का? मी म्हटलं, बाई, माझ्या घरात कांदा चिरायला मला डोळ्यांतलं पाणी उरलेलं नाही. आणि खातो काय, तर हिचा खाऊ. त्याच्या पिशवीवर छापलंय कांदा-लसूण नाही म्हणून. तेव्हा तिने कांद्याचं सोडून दिलं.” बाई हसल्या. “मग म्हणाली, कसलं तरी विषारी औषध चाटलं असेल. मला आठवलं, गेल्या आठवड्यात मी पिसवांची पावडर टाकली होती चटईवर. मीच ग. मीच मारतेय त्याला.”

वही त्यांच्या गळ्यात लोंबत होती. पेन्सिल दोरीला होती. मी काही लिहिलं नाही. मला काही माहीतच नव्हतं, मग लिहिणार काय? पण जिना चढताना आठवलं. आचाऱ्याला मी मीठ विचारलं होतं. दुसरं काही विचारलं नव्हतं. का विचारलं नव्हतं? यादीत मीठ पहिलं होतं म्हणून, असं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. डबा फुकट मिळत होता, आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काय येईल याचा अंदाज कुठेतरी आत असावा.

उद्या जाऊन विचारते.

सोमवार, ता. २५

कॅन्टीन उघडायच्या आधीच गेले. आचारी भांडं चढवत होता.

“त्या पाण्यात काय काय घालता तुम्ही?”

“नेहमीचंच. चार कांदे उभे चिरून, लसणाचे दोन गड्डे, मिऱ्यांची पूड. कांद्याशिवाय कोंबडीचं पाणी कसं होईल, वहिनी? मग त्याला म्हणायचं काय, आंघोळीचं पाणी?”

“तुम्ही म्हणालात नुसतं उकडलेलं.”

“नुसतंच की. कांदा गाळूनच टाकतो. तो कुठे तुम्हाला दिला?”

त्याच्यावर रागावता येईना. त्याने एकही खोटा शब्द सांगितला नव्हता. मी अकरा दिवस ज्या पोत्यांवरून त्याचे ॲप्रन उचलले, ती पोती कांद्यांची होती. एकाचं तोंड उघडंच असायचं. माझ्या डोळ्यांना मोतीबिंदू नाही.

घरी येऊन पाणी मोरीत ओतलं. वाळत ठेवलेला घाणा कचऱ्यात टाकला, वरून राख टाकली म्हणजे रस्त्यावरचं मांजर खाणार नाही. हात धुतले, पुन्हा धुतले. मग खाली गेले ते सांगायचंच असं ठरवून.

बाई टोपलीजवळ जमिनीवर बसल्या होत्या. चटई बाहेर फेकून दिली होती. म्हणाल्या, “सगळी फरशी दोनदा धुतली. पावडरीचा कण ठेवला नाही. माझंच चुकलं, पण आता तरी.”

मी वही ओढली. “बाई” असं लिहिलं. पुढचा शब्द लिहायला पेन्सिल उचलली, आणि त्यांनी माझा हात धरला. “तू होतीस म्हणून हा एवढे दिवस तगला. नाहीतर उपाशीच गेला असता.”

तोंडाने बोलायचं असतं तर कदाचित बोलून गेले असते. बोललेलं हवेत विरतं. हे तर त्यांच्या वहीत राहिलं असतं, माझ्या अक्षरात, गळ्यात अडकवलेलं. “बाई” च्या पुढे मी लिहिलं, “बरा होईल तो.”

फळीवर दोन्ही पिशव्या आणि बाटली होती. एक पिशवी अर्धी झालेली. मागायची तर कारण द्यावं लागलं असतं. मी लिहिलं, “खाऊ संपलाय, आता काही दिवस करणार नाही. त्याला हलकं काहीतरी द्या.” त्या म्हणाल्या, “असू दे, माझ्याकडे आहे अजून.”

आणि मी वर आले. हे मी केलं. आज, सगळं माहीत असताना. आधीच्या अकरा दिवसांना निदान न कळल्याचं पांघरूण आहे. आजच्याला काही नाही.

प्रार्थनेला बसले तर “त्याला बरं कर” एवढं म्हणायचीही हिंमत होईना. देव म्हणेल, फळीवरचं आधी काढ, मग माझ्याकडे ये.

मंगळवार, ता. २६

दवाखान्यात जाऊन उरलेल्या पिशव्या परत घेतल्या. सहा होत्या. डॉक्टरीणबाई बाहेरगावी गाईंच्या कामाला गेल्या होत्या, त्या उद्या येणार. कंपाउंडरला सांगितलं, पिशव्या ओल लागून खराब झाल्यात. तो म्हणाला, “चांगल्या तर दिसतायत.” मी म्हटलं, “मला माहीत आहे ना.” खरं बोलायची वेळ आली तरी मी खोट्याचंच झाकण शोधते, हा स्वभाव कुठून आला कळत नाही. वडील असे नव्हते.

ज्यांनी विकत नेल्या त्यांची नावं त्याच्याकडून लिहून घेतली. नऊ घरं. चार जवळची होती, जाऊन आले. तीन घरची मांजरं ठणठणीत, उरलेला खाऊ परत घेतला. एका घरी दार उघडलं नाही. बाकीची पाच लांबची, ती राहिली.

खाली बाईंच्या दाराशी दोनदा थांबले. आतून त्यांचा मोठा आवाज येत होता, त्याच्याशी बोलत होत्या. “खा रे राजा, थोडं खा.” काय खा म्हणत होत्या ते मला दार न उघडता कळत होतं. हात दारावर ठेवला. दारावर थाप मारून उपयोग नसतो, ती त्यांना ऐकू येत नाही. कडी हलवून आत जायचं असतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. मी कडी हलवली नाही.

बुधवार, ता. २७

सकाळी दाराखाली चिठ्ठी. बाईंच्या वहीचं पान.

“पहाटेच्या गाडीने भावाकडे जाते. तिथे जनावरांचं मोठं इस्पितळ आहे, शुक्रवारची वेळ मिळाली आहे. तुला उठवलं नाही. तुझ्या पिशव्या आणि बाटली बरोबर घेतली आहे, वाटेत आणि तिथे तेवढंच खाईल. आणखी केलास तर खालच्या पत्त्यावर टपालाने धाड, पैसे आल्यावर देईन. त्याची काळजी करू नकोस.”

खाली भावाचा पत्ता. नंबर नाही, टेलिफोनचं नाव काढलं की बाई म्हणतात, तीस वर्षं लोकांचं ऐकलं, आता पुरे.

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. हे चहा करायला उठले होते, म्हणाले, “काय झालं? बोका गेला का?”

“नाही. मी मारतेय त्याला.”

सगळं सांगितलं. आचारी, पाणी, पोती, सोमवारची वही, कालची कडी.  मग हे चष्मा काढून पुसायला लागले.

“तो तुकडा मी खाल्ला होता,” म्हणाले. “मला चव कळली होती. कांद्याचीच चव. मी म्हटलं झकास. आणि चिठ्ठी मीच छापली होती.”

“तुमचा काय दोष?”

“मी तुझा दोष वाटून घेत नाही. तो तुझा तुझ्याजवळ राहू दे. मी माझा सांगतोय.” मग म्हणाले, “सोमवारी आलीस तेव्हा मी घरीच होतो. मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही म्हणाला असतात, खाली जा.”

“हो,” म्हणाले. “म्हणालो असतो.”

चहा तसाच राहिला. मी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई नुकत्या आल्या होत्या, बुटांना चिखल तसाच. उभ्याउभ्याच सांगितलं, राहिलेल्या घरांची यादीही पुढे ठेवली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“रविवारी मी बाईंना विचारलं होतं, काकू.”

“हो.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“सोमवारी सकाळी.”

“आज बुधवार.”  त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. इस्पितळात फोन लावला, नाव-वय सांगितलं, कांदा-लसूण, किती दिवस, किती तुकडे. किती तुकडे हे माझ्याकडून ऐकून त्यांनी एकदा डोळे मिटले. मग मला म्हणाल्या, “तिथे मी सांगून ठेवलंय. रक्त द्यावं लागेल, कदाचित वाचेल. पण शुक्रवारपर्यंत तो इस्पितळात नाही, भावाच्या घरी आहे. तिथे धाडायला इस्पितळाकडे माणूस नाही. आणि तिथे तो तुमचाच खाऊ खातोय. तो आजच थांबवला पाहिजे.”

पहाटेची गाडी गेली, पुढची शुक्रवारशिवाय नाही. जलद टपाल दुपारी निघतं, उद्या सकाळी पोचतं. साडेबारा वाजलेत. पत्र लिहिलं, त्याची नक्कल इथे ठेवते. मूळ पत्र घेऊन हे टपाल कचेरीत गेलेत. जाताना विचारलं, “मीही सही करू?” मी नको म्हटलं.

बाई,

नमस्कार वगैरे पुढे लिहीन. आधी हे करा. माझ्या दोन्ही पिशव्या आणि बाटली ताबडतोब टाकून द्या. ट्रंककॉलला त्यातला एक तुकडाही देऊ नका, पाण्यात भिजवूनसुद्धा नाही. उपाशी राहिला तरी चालेल. शुक्रवारची वाट बघू नका, हे पत्र हातात पडताच त्याला इस्पितळात न्या. तिथल्या डॉक्टरांना आपल्या डॉक्टरीणबाईंनी फोन करून सगळं सांगितलं आहे.

त्याला पिसवांच्या पावडरीने काही झालेलं नाही. तुमचं काही चुकलेलं नाही. मी गेल्या चौदा तारखेपासून खाऊत कॅन्टीनचं गाळलेलं पाणी घालत होते, ते फुकट मिळत होतं. त्यात कांदा आणि लसूण होता. मी आचाऱ्याला विचारलं नाही. पिशवीवर नाही असं छापलेलं तसंच ठेवलं. गेल्या शुक्रवारी तुम्ही माझ्या हाताला गुण आहे म्हणालात, तेव्हा मी त्याला तेच पाणी वाटीने पाजत होते.

हे मला सोमवारी सकाळी कळलं. तुमच्या वहीवर “बाई” लिहून मी थांबले, ते हे लिहायला. मग दुसरंच लिहिलं. तुम्ही फरशी धुतलीत, मी बघत होते. काल तुमच्या दारात उभी होते आणि कडी हलवली नाही. न कळून झालं ते एक, पण हे दोन दिवस मी जाणूनबुजून घेतले आणि ते त्याच्या आयुष्यातून घेतले.

इस्पितळाचा खर्च मी देणार आहे. त्याने यातलं काही फिटत नाही हे मला समजतं, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही. क्षमा मागत नाही. मागितली तर तुम्ही द्याल, आणि तुम्ही देऊ नये असं मला वाटतं.

तुम्हाला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका, माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नका. फक्त हे पत्र मिळालं का, आणि त्याआधी त्याने किती खाल्लं, आणि तो कसा आहे, एवढं उलट टपाली कळवा. गेला असेल तर तेही लिहा.